पाच डिग्री अलीकडे

महाड आणि पोलादपूर यांच्यातलं अंतर म्हणाल तर वीसेक किलोमीटर. एसटीत खिडकीला डोकं टेकून एक डुलकी काढली की पोलादपूर येतं. पण जुन्या पेट्रोल इंजिनाच्या टायमिंगचा विषय निघाला, की या दोन गावांमध्ये सरहद्द उभी राहते. महाडचे मिस्त्री एक सांगतात, पोलादपूरचे त्याच्या नेमकं उलट सांगतात, आणि दोघंही आपापल्या घाटाची शपथ घेतात. महाडवाल्यांचा घाट वरंध, पोलादपूरवाल्यांचा आंबेनळी. कशेडीचा घाट पूर्वी दोघांनाही मान्य होता. पण 2023 मध्ये गणपतीच्या तोंडावर कशेडीचा बोगदा छोट्या गाड्यांना खुला झाला आणि त्या घाटाची परीक्षकाची नोकरी गेली. "बोगद्यात गाडी तपासायची कशी?" पोलादपूरचे मिस्त्री विचारतात. "आत सगळंच घुमतं. वाजतंय ते इंजिन का भिंत, कळणार कुणाला?"

या दोघांच्या मधे आमची गाडी.

आमची म्हणजे आप्पांची. आप्पा माझे धाकटे काका. त्यांची पोलादपूरच्या वरच्या अंगाला आंब्या-काजूची वाडी आहे आणि घर महाडात आहे. त्यामुळे गाडी रोज या दोन तालुक्यांत, म्हणजेच दोन मतांत, ये-जा करते. एका सरकारी खात्याच्या लिलावात आप्पांनी ती घेतली तेव्हा ती पेट्रोलवरची महिंद्रा जीप होती. मागचा टप उतरवून त्यांनी लाकडी हौदा चढवला आणि तिचा पिकअप झाला. उंच बॉनेटची ती जुनी जीप. बॉनेट उंच असण्यात ऐट काही नाही. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनावर नवं डोकं चढवलं, इनटेकचे व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमधून उचलून वर नेले, आणि ते वाढीव डोकं जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केलं. तो आकार महिंद्राने पुढे आपल्याकडे कैक वर्षं चालवला. चार सिलिंडर, बावीसशे सीसी, आणि इंजिनाचं नाव हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं तेव्हा दोन्ही वादळांच्या वेगातला फरक आम्हाला घरबसल्या समजला.

ही गाडी पाहिली की महाडात कोणीही पहिला सल्ला देतो, "डिझेल इंजिन टाका." तो सल्ला चुकीचा नाही. या भागातल्या बहुतेक पेट्रोल जिपांच्या पोटात ऐंशी-नव्वदच्या दशकांत डिझेल इंजिनं बसली, आणि त्यांच्या मालकांना टायमिंग हा शब्द पंपाच्या दुरुस्तीपुरताच आठवतो. दुसरा सल्ला, "भंगारात द्या." तिसरा, "सिनेमावाल्यांना भाड्याने द्या." आप्पा तिन्हींवर मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत आंब्याच्या पेट्या भरतात. सल्ला ऐकायला पेट्रोल लागत नाही, असं त्यांचं धोरण आहे.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे टायमिंगच्या भांडणात मला पंच समजलं जातं आणि कोणाही पंचाप्रमाणे माझं कोणी ऐकत नाही. तरी विषयाचं शास्त्र दोन परिच्छेदांत सांगून टाकतो. शास्त्रात रस नसलेल्यांनी सरळ अंगठ्याच्या भागाकडे जावं.

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, पिस्टन अगदी वर पोचतो, तिथे प्लगमध्ये ठिणगी पडते आणि स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जातो, असं आठवीतली मुलं लिहितात आणि मी त्यांना मार्कही देतो. खरं म्हणजे ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडावी लागते, कारण मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत या टोकाची त्या टोकाला जायला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात इंजिन थांबून राहत नाही. दोन हजार आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात बारा डिग्री फिरून मोकळा होतो. ठिणगीचं हे हायवेवर एसटीला हात करण्यासारखं आहे. गाडी अगदी पुढ्यात आल्यावर हात केलात, तर ड्रायव्हर तुमच्याकडे बघून हसतो आणि पुढे जातो. फार लांबून केलात तर तो तुम्हाला वेड्यात काढतो. हरिकेनच्या पुस्तकात हात करायची जागा दिली आहे, पिस्टन वर पोचण्याच्या पाच डिग्री अलीकडे. ठिणगी त्याहून आधी पडली तर तो ॲडव्हान्स, उशिरा पडली तर रिटार्ड. ॲडव्हान्स जास्त झाला तर इंजिन चढावर टिणटिण वाजतं, त्याला नॉकिंग म्हणतात. रिटार्ड जास्त झाला तर गाडी ओढत नाही, आणि पेटलेलं मिश्रण पिस्टनला ढकलायच्या ऐवजी सायलेन्सर आणि रेडिएटर तापवत बसतं.

हे पाच डिग्री फक्त इंजिन मंद चालत असतानाचे. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडली पाहिजे, आणि दर वेळी मिस्त्रीला बॉनेटवर बसवून नेता येत नाही. म्हणून ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या आत, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या पट्टीखाली, स्प्रिंगला बांधलेली दोन छोटी वजनं असतात. डब्याचा दांडा जोरात फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. कागदावर त्या डब्याचं नाव डिस्ट्रिब्युटर. आपल्याकडचे मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरच्या डेटन गावातल्या कंपनीचं हे संक्षिप्त नाव. त्याची पॉइंट-कॉइलची पद्धत 1910 च्या कॅडिलॅक मोटारीत आली. कॅडिलॅक महाडात आलेली मी पाहिली नाही, डेल्को मात्र नातेखिंडीत चहाच्या बशीइतका ओळखीचा आहे.

तर अंगठा.

महाडचे मिस्त्री पद्धतशीर आहेत. त्यांच्या गॅरेजात पाने सुतांप्रमाणे लावलेले असतात, कारण ही जीप इंचांत विचार करते आणि इंचाचे आठ सूत. आधी ते कॅप काढतात, पॉइंट घासतात आणि फिलर गेजची वीस थावची (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी पॉइंटमध्ये सरकवतात. हातातली पट्टी हरवली असेल तर हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. तो थोडा जाड पडतो, हे त्यांना माहीत असतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढतात आणि मला म्हणतात, "गुरुजी, अंगठा."

प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरायचा. पुढे त्यांचा पोऱ्या हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवतो. आधी अंगठ्याची कातडी आत ओढली जाते, म्हणजे सिलिंडर हवा पितोय. मग थोडा वेळ शांतता. मग आतून दाब वाढत जातो, आणि कितीही दाबलं तरी अंगठा बाजूला सारून हवा फुस्स करून बाहेर येते. हे कॉम्प्रेशन. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. पण ठिणगीचं काम त्यातल्या एकाच वेळी असतं, दुसऱ्या वेळी तो नुसता धूर ढकलायला आलेला असतो. वर आलेला पिस्टन कामाला आलाय की कचरा टाकायला, हे अंगठा सांगतो. हे चुकलं, की सगळं अगदी अचूक जुळवूनही गाडी सुरू होत नाही, उलट कार्बोरेटरमधून जाळ काढते. माझ्या आयुष्यात ज्या अवयवाने विज्ञानाची सर्वांत थेट सेवा केली, तो हाच.

फुस्स झालं की मिस्त्री पोऱ्याला "दमानं, दमानं" करत पुलीवरची खाच कव्हरवरच्या पाचाच्या खुणेपाशी आणतात. खाच जरा पुढे गेली, की पोऱ्या हँडल मागे घ्यायला बघतो आणि मिस्त्री ओरडतात, "मागं नको आणू! परत पुरी फेरी मार!" गिअरच्या दातांत थोडा सैलपणा असतो. इंजिन उलटं फिरवून खूण जुळवली, तर तो सैलपणा हिशेबात घुसतो आणि टायमिंग खोटं लागतं. ही गोष्ट आप्पांच्या इंग्रजी पुस्तकातही बारीक अक्षरात आहे. मिस्त्रींनी ते पुस्तक उघडलेलं नाही, त्यांना ती वडिलांच्या शिव्यांमधून मिळाली.

पुढे टेस्ट लॅम्प. जुन्या इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, दोन क्लिपा. एक क्लिप डेल्कोच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करायचा, डेल्कोच्या बुडाचा बोल्ट सैल करायचा, आणि अख्खा डबा दोन बोटांनी केसभर केसभर फिरवायचा. रोटर फिरतो त्या दिशेला फिरवला की रिटार्ड, विरुद्ध फिरवला की ॲडव्हान्स. पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब पेटतो. तीच ठिणगीची वेळ. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डबा एक डिग्री हलवला तर टायमिंग दोन डिग्री हलतं. त्यामुळे त्या दोन बोटांचा श्वाससुद्धा मोजला जातो. बल्ब पेटला, बोल्ट आवळला, आणि मिस्त्री फाइलच्या कोपऱ्याने डेल्कोच्या बुडापासून ब्लॉकवर एक बारीक रेघ मारतात. "आता याला कुणी हात लावायचा नाय." हे वाक्य बोलताना ते पोलादपूरच्या दिशेला बघतात.

महाडच्या टायमिंगची ख्याती अशी, की पावसाळ्यात सकाळी हँडलच्या एका झटक्यात गाडी सुरू. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात, जिथे डेल्कोच्या कॅपलाही आतून घाम येतो, तिथे ही साधी गोष्ट नव्हे. शेजारचा मुलगा बटण-स्टार्टची नवी बाइक घेऊन फुरफुरत असतो तेव्हा आप्पा हँडल काढून पुसत असतात. फक्त एवढंच, की हीच गाडी भरून आंबेनळी चढायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला ओढायचं सोडते, रेडिएटरची शिटी वाजते, आणि आप्पांना थांबून पाणी शोधावं लागतं. पिकअप आहे, पण पिकअप नाही.

मग गाडी पोलादपुरात एसटी स्टँडजवळच्या मिस्त्रींकडे जाते. ते बॉनेट उघडतात, ती रेघ बघतात, आणि एखाद्या वैद्याने दुसऱ्या वैद्याचा काढा हुंगावा तसे हुंकारतात. "पाच डिग्री ना? पाच डिग्री पुस्तकात. घाटात पुस्तक चढत नाय, गुरुजी, गाडी चढते."

त्यांच्याकडे बल्ब नाही. त्यांच्याकडे कान आहे. इंजिन चालू ठेवून ते डेल्कोचा बोल्ट अर्धवट सैल करतात आणि डबा असा फिरवतात, की इंजिनाची चाल आधी चढते, मग अडखळते. चढलेल्या जागेवरून ते किंचित मागे येतात. मग घाटाकडे. कापडे गाव मागे पडलं, चढ लागला, की ते आप्पांना गाडी तिसऱ्यात ठेवून वेग पाडायला सांगतात आणि मग म्हणतात, "दाबा." आप्पा ॲक्सिलरेटर फळीपर्यंत दाबतात. मिस्त्री डोळे मिटून मान तिरपी करतात. या वेळी बोलायचं नाही. मी एकदा ज्योतीच्या वेगाबद्दल काही सांगायला गेलो, तर त्यांनी डोळे न उघडता तळहात माझ्या तोंडासमोर धरला. इंजिन गप्प असलं की खाली उतरून केसभर ॲडव्हान्स. पुन्हा दाबा. पुन्हा गप्प, पुन्हा केसभर. शेवटी कुठेतरी बारीक टिणटिण येते आणि गाडीने वेग घेतला की विरते. मिस्त्री डोळे उघडतात. "हां. एवढं वाजलंच पाहिजे. अजिबात न वाजणारं इंजिन आळशी."

ही परीक्षा घाटाच्या खालच्या वळणांतच घ्यायची असा त्यांचा नेम आहे. यामागे शास्त्र आहे आणि ते मला सांगू न देता त्यांनीच मला सांगितलं. पोलादपूर जवळजवळ खाडीच्या पातळीला, आणि चाळीसेक किलोमीटरवरचं महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर. वर हवा पातळ, सिलिंडरमध्ये मावते कमी, दाब कमी. "वाडा-कुंभरोशीच्या पुढं कुठलंच इंजिन वाजत नाय. तिथं टायमिंग लावलं, तर खाली पोलादपुरात येईपर्यंत पिस्टनला भोक."

परत येऊन तेही रेघ मारतात. महाडच्या रेघेच्या शेजारी, थोडी अधिक खोल.

पोलादपूरच्या टायमिंगवर गाडी आंबेनळी चढते, हे कबूल करायला हवं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी महाडात हँडल मारायची वेळ येते. ॲडव्हान्स जास्त असला, की हँडलच्या मंद फेरीत पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट होतो, आणि इंजिन उलटं फिरून हँडल मारणाऱ्याला मारतं. म्हणून जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवतात, मुठीत आवळत नाहीत, आणि हँडल खालून वर ओढतात. एका गणपतीत मुंबईहून आलेल्या आमच्या आतेभावाला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तो जिममध्ये जातो. त्याने बाही वर सारली आणि मूठ आवळली. त्या वर्षी त्याने गळ्यातल्या झोळीत हात ठेवून आरती म्हटली, झांजांचा एकच तुकडा मांडीवर आपटत. लय चुकली, पण भाव खरा होता. विशेषतः संकटी पावावे या ठिकाणी.

महाडच्या मिस्त्रींना ही बातमी घाटावरच्या चहावाल्यांच्या आधी कळते. गाडी आली की ते काही विचारत नाहीत. बोल्ट सैल, अंगठा, फुस्स, बल्ब, नवी रेघ. आमच्या डेल्कोच्या बुडाशी इतक्या रेघा झाल्या आहेत, की गांधारपाल्याच्या लेण्यांतले लेख वाचणाऱ्या कुणा अभ्यासकाला ते बूड दाखवलं, तर तो त्यातून दोन राजघराण्यांचा इतिहास काढील.

या भांडणात पेट्रोललाही ओढलं गेलं. 2000 साली देशभरात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं तेव्हा पोलादपूरचे मिस्त्री म्हणाले, आता सगळी इंजिनं वाजणार. आता वीस टक्के इथेनॉल आलं, तर महाडचे मिस्त्री म्हणतात, या नव्या पेट्रोलमुळे पोलादपूरचा ॲडव्हान्स पचतोय, नाहीतर केव्हाच भोक पडलं असतं. इथेनॉलने नॉकिंग कमी होतं, हे खरं आहे. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं, हेही खरं आहे. आमच्या गाडीने दोन्ही अनुभव एकाच उन्हाळ्यात दिले.

मी पंच म्हणून एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, महाडचं टायमिंग उभ्या गाडीला बरोबर बसतंय आणि पोलादपूरचं पळत्या गाडीला, म्हणजे कदाचित टायमिंगचा प्रश्न नसेलच, मधेच काहीतरी अडत असेल. महाडचे मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, तुम्ही अंगठा चांगला धरता." पोलादपूरचे मिस्त्री काहीच म्हणाले नाहीत, त्यांनी तळहात वर केला.

पोलादपूरच्या मिस्त्रींचा भाचा लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात मेकॅनिकलला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो मामाकडे आला तो पिस्तुलासारखं काहीतरी घेऊन. टायमिंग लाइट. तिची एक क्लिप पहिल्या प्लगच्या वायरला लावायची. वायरमधून ठिणगीचा झटका गेला की पिस्तुलातून उजेडाचा लखलखाट. ठिणगी जितक्या वेळा, लखलखाट तितक्याच वेळा. त्याने पुलीच्या खाचेत खडू घासला. संध्याकाळची वेळ, त्यात वीज गेलेली, म्हणजे या कामाला मुहूर्तच. इंजिन सुरू झालं, त्याने पिस्तूल रोखलं, आणि धडधडत फिरणारी पुली जागच्या जागी उभी राहिली. पांढरी खाच कव्हरवरच्या आकड्यांच्याही अलीकडे स्वच्छ स्थिर.

"बंद पडलं काय?" आप्पा म्हणाले. इंजिन त्यांच्या पोटाला थरथरत होतं.

मिस्त्रींनी काही न बोलता एक बोट पुढे केलं. भाच्याने त्यांचा हात झटकन मागे ओढला. "मामा! फिरतेय ती!" उजेडाचा एवढाच खेळ आहे. पुली प्रत्येक वेळी त्याच जागी असताना डोळ्याला दिसते, मधली सगळी फेरी अंधारात होते. उभ्या दिसणाऱ्या पट्ट्यात बोट घालून लोकांनी बोटं गमावली आहेत. चाळीस वर्षं इंजिन कानाने बघणाऱ्या माणसाने ते पहिल्यांदा डोळ्याने बघितलं, आणि त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

खाच पाचाच्या बरीच अलीकडे होती, म्हणजे पोलादपूरचा ॲडव्हान्स. भाच्याने डेल्को फिरवून ती पाचावर आणली. मिस्त्रींनी नाक मुरडलं, कारण आता ती महाडच्या रेघेवर आली होती. मग भाचा म्हणाला, "आप्पा, रेस द्या." आप्पांनी रेस दिली. इंजिन किंचाळलं. खाच पाचावरच.

"अजून द्या."

गॅरेजच्या पत्र्यावरचं मांजर उडी मारून गेलं. खाच पाचावरच.

"मामा, हलत नाय ही. रेस वाढली की ही अशी पुढं सरकायला पाहिजे. ॲडव्हान्सच होत नाय."

कॅप काढली, रोटर काढला, आणि मग पॉइंटची पट्टी उचलली. ती पट्टी दोन्ही मिस्त्रींपैकी कुणीही कधी उचलली नव्हती, कारण पॉइंट तर वरूनच घासता येतात. खाली ती दोन वजनं होती. गंजून खिळ्यांना चिकटलेली, आणि सांधीसांधीत वाळलेली बारीक, करडी माती. ती माती ओळखायला महाडकराला भिंग लागत नाही. 2021 च्या जुलैत सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या तेव्हा ही गाडी बॉनेटच्या वरपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर तिचं ऑइल बदललं, प्लग बदलले, पॉइंट आणि कंडेन्सर नवे बसले, सीटमधून बेडूक निघाला तोही सोडला. पण त्या पट्टीखाली कुणी डोकावलं नाही. नदी तिथे बसून राहिली आणि वेग कितीही वाढला तरी टायमिंग जाग्यावरच. महाडचे मिस्त्री उभ्या गाडीचं टायमिंग बरोबर लावत होते, तेच घाटात अपुरं पडत होतं. पोलादपूरचे मिस्त्री घाटाला पुरेल एवढं आधीच ओतून ठेवत होते, तेच सकाळी हँडलला महागात पडत होतं.

भाच्याने वजनं पेट्रोलमध्ये भिजवली, पॉलिश पेपरने खिळे घासले, स्प्रिंगा तपासल्या, तेलाचा एक एक थेंब सोडला आणि बोटाने वजनं बाहेर ढकलून सोडली. टक् करून परत बसली. पुन्हा लाइट. रेस दिली की खाच शिस्तीत पुढे सरकली, रेस सोडली की पाचावर येऊन उभी. आप्पांनी तो खेळ इतक्या वेळा करून बघितला, की पेट्रोलचा काटा खाली आला.

महाडच्या मिस्त्रींना मी दुसऱ्या दिवशी ही हकीकत सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मग मी काय सांगत होतो? पाच डिग्रीच बरोबर." पोलादपूरच्या मिस्त्रींचं तोपर्यंत स्टँडवर सगळ्यांना सांगून झालं होतं, "मी म्हणतच होतो, घाटात ॲडव्हान्स कमी पडतोय." दोघांचीही विधानं शब्दशः खरी आहेत आणि मी ती तपासून पाहिली आहेत. त्यांच्यात एकाच गोष्टीवर मतभेद उरला नाही, ती म्हणजे लाइट लावून टायमिंग बघणाऱ्या पोराला अजून कामाचं वळण नाही. त्याबद्दल दोघं फोनवर एकमेकांशी बोलले, असं ऐकतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भाचा लोणेऱ्याला परत जाण्याआधी डेल्कोच्या बोल्टवर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका लावून गेला. पाना लागला की ठिपका तडकणार आणि कोणी हात लावला ते कळणार, अशी व्यवस्था. गाडी आता महाडात एका झटक्यात सुरू होते आणि आंबेनळी शिटी न वाजवता चढते. रेघांच्या इतिहासात नवी भर पडलेली नाही.

परवा आप्पांबरोबर पोलादपूरला गेलो होतो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. ठिपका बघितला. बोटाने जरासा खरवडूनही बघितला, वाळलाय का म्हणून. मग स्क्रूड्रायव्हर काढून कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव फेरा आत फिरवला, मान तिरपी केली, आणि अजून थोडा फिरवला. "महाडात याला लई पेट्रोल पाजतात, आप्पा," ते म्हणाले. "टायमिंगला हात लावला नाय मी. बघा, ठिपका हाय तसा हाय."

आप्पांनी मला कोपराने ढोसलं. "त्या पोराला फोन लाव," ते हळूच म्हणाले. "विचार, रंगाचा डबा संपला का शिल्लक आहे."